मिश्र फुलांची कुंडी आणि टांगती टोपली: रचना, लागवड आणि निगा

एका मोठ्या कुंडीत चार-पाच प्रकारची फुलझाडे एकत्र लावली की ती आपोआप शोभून दिसतील, असा अनेकांचा समज असतो. रोपवाटिकेत फुललेली रोपे पाहून जी मनात भरतील ती आणली जातात, शेजारी शेजारी लावली जातात आणि पहिले आठ-दहा दिवस ती खरोखरच सुरेख दिसतात. त्यानंतर एखादे झाड इतरांच्या अंगावर पसरू लागते, दुसरे उन्हाने करपते, तिसऱ्याच्या मुळाशी पाणी साचून ते कुजते आणि बघता बघता कुंडीत दोनच झाडे उरतात. मिश्र कुंडीची रचना लागवडीच्या दिवसासाठी करायची नसते. सहा ते आठ आठवड्यांनी, सगळी झाडे आपापल्या पूर्ण विस्ताराला पोहोचल्यावर, ती कशी दिसेल याचा अंदाज बांधून ती करायची असते. रंग, आकार, माती, पाणी यांविषयीचे बहुतेक निर्णय हा अंदाज मनात असला की सोपे होतात.

जागा आणि सोबतीची झाडे

पहिले काम रोपे निवडण्याचे नसून जागेचे निरीक्षण करण्याचे आहे. कुंडी जिथे राहणार तिथे थेट ऊन किती तास पडते, ते सकाळचे आहे की दुपारचे, आणि वारा किती लागतो, हे एक-दोन दिवस नीट पाहावे. दिवसाला सहा तास किंवा त्याहून अधिक थेट ऊन मिळत असेल तर ती पूर्ण उन्हाची जागा समजावी, तीन ते सहा तास मिळत असेल तर अर्धसावलीची. भिंतीला लागून असलेल्या जागेत दुपारचे ऊन भिंतीवरून परावर्तित होऊन उष्णता बरीच वाढवते, त्यामुळे ऊन कमी तासांचे असले तरी तिथे नाजूक झाडे टिकत नाहीत.

एका कुंडीतल्या सर्व झाडांच्या गरजा सारख्या असल्या पाहिजेत, या नियमाला माझ्या मते अपवाद करू नये. चिनी गुलाबाला कोरडी माती आणि कडक ऊन लागते, ढग आले तरी त्याची फुले मिटतात. त्याच्याशेजारी ओलसर मातीत आणि सावलीत रमणारी इम्पेशन्स लावली तर दोघांपैकी एकाचा बळी ठरलेलाच आहे. पूर्ण उन्हासाठी पेटुनिया, व्हर्बिना, अँजेलोनिया, पेन्टास, सदाफुली, लँटाना, झेंडू आणि ठेंगणी झिनिया ही भरवशाची झाडे आहेत. अर्धसावलीत बेगोनिया, इम्पेशन्स, टोरेनिया, कोलियस, कॅलेडियम आणि नेचे चांगले वाढतात. हवामान थंड असताना पॅन्सी, व्हायोला, स्नॅपड्रॅगन, डायन्थस, लोबेलिया आणि अ‍ॅलिसम यांना बहर येतो, मात्र उष्मा वाढला की यांपैकी बहुतेकांची फुले लहान होत जातात आणि पॅन्सी व लोबेलिया तर लवकरच माना टाकतात. उन्हाळी आणि हिवाळी फुलझाडे एकाच कुंडीत लावण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

गरजा जुळल्या तरी एक गोष्ट पाहायची राहतेच, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही: झाडांच्या वाढीचा जोम. शोभेच्या पानांचा रताळ्याचा वेल किंवा पसरणाऱ्या जातीचा पेटुनिया काही आठवड्यांत हातभर लांब होतो, आणि त्याच्या शेजारी असलेली नाजूक लोबेलिया त्याच्या पानांखाली प्रकाशाअभावी मरते. जोमदार झाडांच्या सोबतीला जोमदार झाडेच लावावीत आणि मंद वाढणाऱ्यांची कुंडी वेगळी करावी. रोपासोबतच्या चिठ्ठीवर पूर्ण वाढीची उंची आणि पसारा दिलेला असतो. रोप आज केवढे आहे यापेक्षा तो आकडा महत्त्वाचा मानावा.

आकाराची घडण

मिश्र कुंडीच्या रचनेत तीन प्रकारच्या झाडांची जुळणी करण्याची पद्धत जगभर रूढ आहे. एक झाड उंच आणि उभ्या वाढीचे असते, त्याच्या भोवती मध्यम उंचीची भरगच्च झाडे असतात आणि काठावरून खाली ओघळणारी झाडे कुंडीची कड झाकतात. ही पद्धत इतकी प्रचलित आहे की काही जण तिला साचेबंद म्हणून नाकारतात. मला ती नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी उत्तम वाटते, कारण तिच्यामुळे नजर वरून खाली फिरत राहते आणि कुंडी व झाडे वेगवेगळी न दिसता एकसंध दिसतात.

उंच झाड कुंडीच्या उंचीच्या साधारण एक ते दीड पट उंच होईल असे निवडावे. त्याहून फार उंच झाले तर कुंडी डोईजड दिसते आणि वाऱ्याने कलंडते; फार बुटके राहिले तर कुंडीच नजरेत भरते. शोभेचे उंच गवत, ड्रॅसिना, ठेंगणी कर्दळ, स्नॅपड्रॅगन किंवा अँजेलोनिया या जागेसाठी चालतात. कुंडी चारही बाजूंनी दिसणार असेल तर हे झाड मध्यभागी लावावे, भिंतीला टेकवून ठेवायची असेल तर मागच्या बाजूला लावून पुढे क्रमाने उतरती रचना करावी. सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत चार ते पाच रोपे पुरतात आणि ४० सेंटिमीटरच्या कुंडीत सहा-सात. सुरुवातीला मधली माती उघडी दिसते म्हणून आणखी दोन रोपे कोंबण्याची इच्छा होते, पण पुढे पाणी, अन्न आणि हवा यांसाठी जी ओढाताण होते तिची सुरुवात या दोन जादा रोपांपासूनच होते.

सगळ्याच कुंड्यांत तिन्ही प्रकार असलेच पाहिजेत, असेही नाही. एकाच जातीच्या पेटुनियाने किंवा बेगोनियाने गच्च भरलेली कुंडी अतिशय देखणी दिसते, आणि अशी साधी कुंडी एखाद्या गुंतागुंतीच्या रचनेशेजारी ठेवली तर दोन्ही उठून दिसतात. अनेक कुंड्या एकत्र मांडायच्या असतील तर एखादा रंग किंवा एखादे पान सर्वांमध्ये थोड्याफार प्रमाणात पुन्हा येऊ द्यावे, म्हणजे मांडणीत सुसंगती येते.

रंग

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील गोबलँ या भित्तिपट विणण्याच्या प्रसिद्ध कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल-यूजीन शेव्हरल यांच्याकडे काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार आली. त्यांनी तपास केला तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे, असे त्यांना आढळले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा निष्कर्ष त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला, आणि फुलांच्या मांडणीलाही तो तंतोतंत लागू पडतो. जांभळ्याजवळ पिवळे आणि निळ्याजवळ नारिंगी ठेवले की दोन्ही अधिक प्रखर भासतात, कारण रंगचक्रावर ते समोरासमोर येतात. गुलाबी, किरमिजी आणि जांभळा असे शेजारचे रंग एकत्र आणले तर परिणाम शांत आणि सौम्य होतो. एका कुंडीत दोन, फार तर तीन रंग ठेवावेत, आणि त्यांपैकी एकाला स्पष्टपणे जास्त जागा द्यावी. तिन्ही रंग समान प्रमाणात आले तर डोळा कुठे स्थिरावत नाही.

कुंडी किती अंतरावरून पाहिली जाणार, यावरही रंग ठरतो. गर्द निळी आणि जांभळी फुले लांबून हिरव्या पानांत मिसळून जातात, त्यामुळे ती जवळून पाहण्याच्या जागी, बसण्याच्या ठिकाणाशेजारी लावावीत. पांढरा, पिवळा आणि तेजस्वी गुलाबी लांबूनही दिसतो. ज्यांना बागेत बसायला संध्याकाळीच वेळ मिळतो त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: प्रकाश मंदावला की डोळ्याची लाल रंगाविषयीची संवेदनशीलता आधी घटते, म्हणून लाल फुले काळपट दिसू लागतात, तर पांढरी आणि फिकट निळी फुले अंधार पडेपर्यंत उजळ राहतात. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

रंगाविषयी इतके सांगितले तरी माझा खरा आग्रह पानांविषयी आहे. कोणतेही फुलझाड सतत सारखेच फुललेले राहत नाही; दोन बहरांच्या मधल्या काळात कुंडीची शोभा पानांवरच टिकते. कोलियसची मरून किंवा पोपटी पाने, डायकॉन्ड्राची रुपेरी माळ, कॅलेडियमची पांढरी पाने, नेच्यांची चिरलेली पाने यांपैकी किमान एक प्रकार प्रत्येक कुंडीत असावा. मोठ्या पानांशेजारी बारीक पाने, गुळगुळीत पानांशेजारी लवदार पाने ठेवली की फुले नसतानाही रचना जिवंत वाटते. रुपेरी पाने भडक रंगांना एकमेकांपासून अलग ठेवण्याचेही काम करतात.

दोन जुळण्या उदाहरणादाखल देतो. कडक उन्हासाठी मध्ये जांभळी अँजेलोनिया, भोवती पिवळी ठेंगणी लँटाना आणि काठावर रुपेरी डायकॉन्ड्रा. तिन्ही झाडे उष्णता आणि थोडी कोरडी माती सहन करतात. लँटाना खाल्ल्यास जनावरांना विषारी ठरते, त्यामुळे घरात पाळीव प्राणी असतील तर तिच्याऐवजी ठेंगणा पिवळा झेंडू लावावा आणि पाण्याकडे थोडे अधिक लक्ष द्यावे. सावलीसाठी पांढऱ्या पानांचे कॅलेडियम मध्ये, भोवती पांढरी इम्पेशन्स आणि काठावर निळी टोरेनिया. अंधाऱ्या कोपऱ्यात ही कुंडी लक्ष वेधून घेते.

कुंडी आणि मिश्रण

मातीची कुंडी बाजूंनी श्वास घेते आणि लवकर सुकते. प्लास्टिकची आणि चकाकीचा लेप दिलेली कुंडी ओल धरून ठेवते. धातूची आणि गडद रंगाची कुंडी उन्हात तापते आणि काठाजवळची मुळे भाजतात. तळाला पुरेशी भोके नसलेली कुंडी कितीही सुंदर असली तरी वापरू नये, अथवा तिच्या आत भोकांची दुसरी कुंडी ठेवून वापरावी.

निचरा सुधारण्यासाठी तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर घालण्याची पद्धत जुनी आहे, पण तिचा परिणाम उलटा होतो. बारीक कणांच्या मिश्रणातले पाणी मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. वरचे मिश्रण पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली जाते. कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला जो पट्टा नेहमीच असतो, तो खडीमुळे वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. म्हणून भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवावा आणि संपूर्ण कुंडी मिश्रणानेच भरावी. उथळ कुंडीत हा ओला पट्टा एकूण उंचीच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे पाण्याला नाजूक असलेली सदाफुलीसारखी झाडे खोल कुंडीत जास्त सुखी राहतात.

बागेतली नुसती माती कुंडीत भरू नये. वारंवार पाणी दिल्याने ती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. चार भाग भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि तीन भाग पर्लाईट (मिश्रण मोकळे ठेवणारे हलके, पांढरे खनिज दाणे) हे प्रमाण बहुतेक फुलझाडांना मानवते. कोकोपीटमध्ये क्षार असण्याची शक्यता असते, म्हणून ते भरपूर पाण्यात भिजवून, पाणी ओतून देऊन, एक-दोनदा धुवून घ्यावे. हळूहळू विरघळणारे दाणेदार खत याच वेळी, पाकिटावरील प्रमाणात, मिश्रणात मिसळून टाकावे.

लागवडीच्या आधी रोपे त्यांच्या छोट्या कुंड्यांतच मोठ्या कुंडीत मांडून पाहावीत, सर्व बाजूंनी फिरून जागा पक्क्या कराव्यात आणि मगच ती काढावीत. रोपे आदल्या दिवशी किंवा काही तास आधी पाणी देऊन ठेवावीत. मुळांचा गड्डा गोल गोल गुंडाळलेला असेल तर बोटांनी हलकेच मोकळा करावा. रोप आधी जितके खोल होते तितकेच खोल लावावे, त्याचा बुंधा मातीत पुरू नये. ओघळणारी रोपे काठाकडे थोडी कललेली लावली की लवकर खाली वळतात. काठापासून दोन ते तीन सेंटिमीटर जागा पाण्यासाठी रिकामी सोडावी.

टांगती टोपली

टांगत्या टोपलीला चारी बाजूंनी आणि खालूनही वारा लागतो, तिच्यातले मिश्रण कमी असते आणि ती डोळ्यांच्या पातळीच्या वर असल्याने तिची खालची बाजूच प्रथम दिसते. या तिन्ही कारणांनी तिची रचना जमिनीवरच्या कुंडीपेक्षा वेगळी करावी लागते.

वजनाचा विचार सर्वांत आधी करावा. सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाच्या अर्धगोल टोपलीत १० लिटरच्या आसपास मिश्रण मावते, आणि पाणी पूर्ण शोषल्यावर झाडे व साखळी धरून तिचे वजन दहा किलोच्या पुढे सहज जाते. आकडी छतात किंवा भिंतीत भक्कम बसवलेली असावी, आणि रहदारीच्या वाटेवर डोक्याला लागेल अशा जागी टोपली टांगू नये. फिरती आकडी मिळाली तर अवश्य घ्यावी. आठवड्यातून एकदा टोपली पाव फेरा फिरवली म्हणजे सर्व बाजूंना प्रकाश मिळतो आणि झाडे एका अंगाने वाढत नाहीत.

तारेच्या टोपलीला आतून काथ्याचे किंवा स्फॅग्नम शेवाळाचे अस्तर लावतात. दिसायला ते छान असते, मात्र त्यातून पाणी झपाट्याने उडून जाते. अस्तराच्या आत प्लास्टिकचा पातळ कागद घालून त्याला खालच्या बाजूला काही भोके पाडली, आणि तळाशी एक छोटी बशी ठेवली, की ओल बरीच जास्त वेळ टिकते. अशा टोपलीचा खरा फायदा म्हणजे तिच्या बाजूंमध्येही रोपे लावता येतात. मिश्रण एक तृतीयांश भरावे, अस्तराला चीर द्यावी, लहान रोपाचा पानांचा भाग कागदाच्या सुरळीत गुंडाळून आतून बाहेर सरकवावा, मुळे मिश्रणावर आडवी टेकवावीत, कागद काढून घ्यावा आणि वर मिश्रण घालून पुढचा थर लावावा. याला वेळ लागतो आणि हात मळतात, परंतु सर्व बाजूंनी फुललेला गोल हवा असेल तर याला पर्याय नाही. बाजूंसाठी अ‍ॅलिसम, लोबेलिया, व्हायोला किंवा इम्पेशन्स यांची लहान रोपे निवडावीत.

टोपलीत फार उंच झाड लावू नये. ते साखळीत अडकते आणि खालून पाहणाऱ्याला दिसतही नाही. मध्ये बेताच्या उंचीचे गोलसर झाड आणि भोवती ओघळणारा पेटुनिया, कॅलिब्रकोआ, व्हर्बिना किंवा बकोपा ही मांडणी पुरेशी असते. कॅलिब्रकोआला किंचित आम्लधर्मी मिश्रण लागते. त्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर त्याला लोह मिळत नाही असे समजावे आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज शोषता येईल अशा रूपातले लोह, द्यावे. सावलीत आणि थंड हवेत फ्यूशियाची टोपली फार मोहक दिसते, कारण तिची फुले मुळातच खाली लोंबतात आणि खालून पाहिल्यावरच त्यांचे पूर्ण रूप कळते.

पाणी, अन्न आणि छाटणी

पाणी वेळापत्रकाने न देता माती तपासून द्यावे. बोट दोन-तीन सेंटिमीटर आत घातल्यावर कोरडे लागले तर तळातून वाहेपर्यंत पाणी द्यावे, अन्यथा थांबावे. टोपली खालून किंचित उचलून पाहिली तरी वजनावरून अंदाज येतो. कडक उन्हाच्या दिवसांत टोपलीला दिवसातून दोनदा पाणी लागू शकते. सकाळची वेळ उत्तम, कारण दिवसभरात पाने कोरडी होतात आणि बुरशी धरत नाही. झारीचे पाणी फुलांवर न ओतता मुळाशी द्यावे. टोपली एकदा पूर्ण सुकली की मिश्रण आकसते आणि वरून ओतलेले पाणी कडेच्या फटीतून निसटून जाते. अशा वेळी पाणी वाहताना दिसते, पण मुळे कोरडीच राहतात. मग ती टोपली पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

वारंवार दिलेल्या पाण्यासोबत अन्नद्रव्येही वाहून जातात, म्हणून लागवडीनंतर महिनाभराने, दाणेदार खत घातलेले असले तरी, दर पंधरा दिवसांनी निम्म्या तीव्रतेचे द्रवखत द्यावे. खत कोरड्या मातीत देऊ नये. नत्राचे प्रमाण जास्त झाले तर पाने माजतात आणि फुले कमी येतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार साचले आहेत असे समजून एकदा भरपूर साध्या पाण्याने मिश्रण धुवून काढावे.

कोमेजलेली फुले खुडण्याचे कारण केवळ नीटनेटकेपणा नाही. फुलातून बी धरू लागले की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि नवीन कळ्या मंदावतात. पेटुनिया, झेंडू, पॅन्सी, झिनिया यांची फुले देठाजवळून, बीजकोशासह खुडावीत. नुसत्या पाकळ्या ओढून काढल्या तर उपयोग होत नाही. कॅलिब्रकोआ, सदाफुली, इम्पेशन्स आणि बेगोनिया आपली जुनी फुले स्वतःच गाळतात. ज्यांना रोज वेळ देता येत नाही त्यांनी याच झाडांवर भर द्यावा.

हंगामाच्या मध्यावर पेटुनियाच्या फांद्या लांब होऊन मधून बोडक्या दिसू लागतात. त्या सगळ्या एकाच दिवशी न छाटता दर आठवड्याला एक तृतीयांश फांद्या अर्ध्यावर छाटाव्यात. तीन आठवड्यांत झाड नवे होते आणि एकही दिवस कुंडी फुलांविना राहत नाही. कोलियसला फुलोरा येऊ लागताच शेंडे खुडावेत, म्हणजे पाने भरगच्च राहतात.

पानांच्या खाली मावा किंवा जाळे विणणारे बारीक कोळी आहेत का, हे पाणी देतानाच पाहावे. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने दोन्ही आटोक्यात येतात. पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती पाने काढून टाकून दाटी कमी करावी. एखादे झाड मेले तर ते मुळासकट काढून त्याच जागी तशाच गरजेचे लहान रोप लावावे. बाकीची झाडे जोमात असतील तर ती जागा रिकामी सोडली तरी ती स्वतःच ती भरून काढतात. हंगाम संपल्यावर झाडे रोगट नसतील तर जुने मिश्रण टाकून देण्याची गरज नसते. मुळे चाळून काढावीत, एक तृतीयांश नवे कंपोस्ट आणि थोडे ताजे पर्लाईट मिसळावे आणि पुढच्या लागवडीसाठी ते झाकून ठेवावे. मुळे कुजून झाडे मेली असतील तर मात्र ते मिश्रण पुन्हा कुंडीत वापरू नये आणि कुंडीही घासून, धुवून, उन्हात वाळवून घ्यावी.